पाडव्याचा पेंटियम आणि श्रावणातला आय-फाइव्ह

माझा संगणक २०१२ च्या गुढीपाडव्याला घरात आला. ओळखीतल्या एका मुलाने असेंबल करून आणला, गुढीशेजारच्या टेबलावर मांडला आणि आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. आत इंटेलचा पेंटियम जी६३० प्रोसेसर होता, एच६१ चिपसेटचा (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड आणि दोन जीबी रॅम. पहिली फाइल उघडली ती एका मुंजीच्या पत्रिकेची. त्यानंतर महिन्याभरातच इंटेलने तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बाजारात आणले. तेव्हा मला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तेरा वर्षांनी मात्र त्या एका महिन्याने मला चांगलंच कामाला लावलं.

मी डोंबिवलीत घरातच डीटीपी करते, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावते. पत्रिका, पुस्तिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, फ्लेक्स, आणि श्रावण लागला की दोन दिवाळी अंकांची पानं. जुन्या कामांच्या सगळ्या फायली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये आहेत. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची, त्यापुढे ते गेलंच नाही. पण वीस-वीस वर्षांचा मजकूर युनिकोडच्या, म्हणजे हल्लीच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांत अडकून पडलाय, त्यामुळे आमच्यासारख्यांचं अजून त्याच्यावाचून चालत नाही. माझ्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक लॉक लागतं. कॅबिनेटच्या मागे, जुन्या प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात खोचलेला, आगपेटीएवढा ठोकळा. तो असेल तरच अक्षरं उमटतात. हल्लीच्या बोर्डांवर ते पोर्टच नसतं. वेगळं कार्ड टाकून एका ओळखीच्यांच्या नव्या मशीनवर करून पाहिलं होतं, लॉकने दाद दिली नाही. तेव्हा मदरबोर्ड बदलायचा नाही हे आधीच ठरलेलं. काय हातपाय पसरायचे ते त्याच अंथरुणात.

आणि पसरायची वेळ तर आलीच होती. रॅम मी मधल्या काळात चार-चारच्या दोन पट्ट्या घालून आठ जीबी केली होती. एसएसडीही घातली, तेव्हा दोन वर्षं बरी गेली. पण अलीकडे दहा बाय आठचा फ्लेक्स कोरल या चित्रांच्या प्रोग्राममधून बाहेर काढायला दिला, की बाकी सगळं ठप्प. गिऱ्हाइकाचा फोन येणार, "ताई, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय, बघता का?", आणि ब्राउझर उघडेपर्यंत मी त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारत बसायची. टास्क मॅनेजर लावून बघितलं. रॅम निम्मी मोकळी, डिस्क निवांत, आणि प्रोसेसरचा आलेख कपाळाला टेकलेला. १०० टक्के, तोही मिनिटंच्या मिनिटं. जी६३० ला कोअर, म्हणजे काम करणारे हात, दोन; थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामं, तीही दोनच. एक फ्लेक्सने धरला, दुसरा अँटिव्हायरसने, की घरात तिसऱ्याला बसायला पाट नाही.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन केला.

"मावशी, अगं नवीनच घे ना. किती दिवस ते डबडं ओढणार?"

"लॉक चालत नाही रे नव्यावर."

"मग प्रोसेसर बदल. पण हो, आधी बोर्डाची लिस्ट बघ. दुकानदाराला विचारू नकोस, लिस्ट बघ."

या मुलाचं एवढं एक वाक्य मी ऐकलं, आणि पुढचे बहुतेक घोटाळे टळले. न टळलेले पुढे येतीलच.

सीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात प्रोसेसरचं नाव, सॉकेट, मदरबोर्डाचं मॉडेल आणि बायोसची, म्हणजे मशीन उठवणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामची, आवृत्ती एका खिडकीत दिसते. माझं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एलजीए ११५५. हा आकडा म्हणजे सॉकेटातल्या टोकांची संख्या. पहिल्या पिढीचं ११५६, माझं ११५५, आणि चौथ्या पिढीचं ११५०. लांबून बघितलं तर तिन्ही तिळ्या बहिणी, पण बाजूच्या खाचांची जागा वेगळी, त्यामुळे एकीचं दुसरीत बसत नाही. ११५५ मध्ये दोनच पिढ्या चालतात. दुसरी, म्हणजे २०११ ची सँडी ब्रिज, आणि तिसरी, म्हणजे २०१२ ची आयव्ही ब्रिज. म्हणजे माझ्या बोर्डाचं आकाश आय-सेव्हन ३७७० पाशी संपतं. त्याच्या वर जगात काय काय निघालं, ते आपल्याला नाही.

मग कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर टॉर्चने वाचला. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत रिव्हिजनचा आकडा होता, तोही टिपून घेतला. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन-तीन रिव्हिजन निघतात आणि प्रत्येकीची यादी वेगळी असते. कंपनीच्या साइटवर यादी सापडली. चाळीस-पन्नास प्रोसेसर, प्रत्येकासमोर वेग, कॅश, वॅट, आणि शेवटच्या रकान्यात "या बायोस आवृत्तीपासून पुढे". मी आयुष्यभर प्रुफं वाचली आहेत, त्यामुळे असला तक्ता मला कादंबरीपेक्षा चटकन वाचता येतो. दुसऱ्या पिढीच्या सगळ्या प्रोसेसरांसमोर पहिलीच आवृत्ती होती. तिसऱ्या पिढीच्या प्रत्येकासमोर मात्र नंतरची, आणि माझ्या बोर्डात त्याच्या दोन पायऱ्या मागची. पाडव्याला घेतलेल्या बोर्डाला पाडव्यानंतर जन्मलेल्या प्रोसेसरची ओळख कुठून असणार?

एच६१ आहे एवढं नशीब म्हणायचं. त्याच पिढीतल्या क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ या ऑफिसवाल्या चिपसेटांना इंटेलने तिसऱ्या पिढीसाठी धरलंच नव्हतं. जुन्या बाजारात कंपन्यांतून निघालेली मशीनं घेणाऱ्यांनी हे बघून घ्यावं.

आता काय घ्यायचं? कागदावर तीन नावं उरली. आय-फाइव्ह २४००, चार कोअर, दुसरी पिढी, बायोसला हात न लावता बसेल असा. आय-सेव्हन २६००, तोही दुसऱ्या पिढीचा, चार कोअर आठ थ्रेड. आणि आय-फाइव्ह ३४७०, तिसरी पिढी, चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झचा, गरज पडली तर ३.६ पर्यंत जाणारा. भाच्याचा जीव आय-सेव्हनवर. पण पहिल्या दोघांसमोर ९५ वॅट लिहिलं होतं आणि ३४७० समोर ७७. माझा जी६३० पासष्टचा. यादीत ९५ वॅटचेही प्रोसेसर आहेत, म्हणजे बोर्ड नाही म्हणत नाही. पण सॉकेटशेजारी प्रोसेसरला वीज पुरवणारे जे काळे चौकोनी तुकडे असतात, त्यांच्यावर माझ्या बोर्डात साधी ॲल्युमिनियमची पट्टीसुद्धा नाही. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तेरा वर्षांचा, स्टिकरवर ४५० वॅट, खरे किती ते त्याच्या जिवालाच ठाऊक. आणि मे महिन्यात आमच्या खोलीत माणूस तापतो, तिथे तुकड्यांचं काय? अठरा वॅट वाचवण्यासाठी बायोस अपडेट करायची जोखीम मी पत्करली. कोणी याला उलटं गणित म्हणेल. दिवाळी अंकाच्या तोंडावर बोर्ड जळण्यापेक्षा मला ते परवडलं.

३४७० ची एक उणी बाजूही सांगून ठेवते. सँडी ब्रिजमध्ये चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्या मधे सोल्डर आहे, आयव्ही ब्रिजमध्ये तिथे साधी पेस्ट भरली आहे. म्हणून वॅट कमी असूनही तो आतून तापतो जास्त. ही गोष्ट ओव्हरक्लॉक करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जोरात पळवणाऱ्या, मंडळींच्या जिव्हारी लागली होती. मला पत्रिका करायच्या आहेत, मी मनावर घेतलं नाही.

मंगळवारी लॅमिंग्टन रोडला गेले. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, हे आम्हा डोंबिवलीकरांना एकदा हात हलवत परत आल्यावर कळतं. फास्टने दादर, पूल ओलांडून पश्चिमेची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं आणि पाच-सात मिनिटं चालायचं. रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, विचारायचं मात्र लॅमिंग्टन रोड. बोळातल्या एका पोटमाळ्याच्या दुकानात काउंटरवर अंड्यांच्या ट्रेसारखे प्लास्टिकचे ट्रे, आणि त्यात वड्या थापून ठेवाव्यात तसे प्रोसेसर.

"मॅडम, थर्ड जन क्यूं? फोर्थ जन ले जाओ. सेम रेट."

"मेरा बोर्ड ग्यारासौ पचपन है."

"बैठ जाएगा ना. एक ही तो है."

एकच तर आहे! ११५५ आणि ११५० हे त्याला एकच वाटतं की मी बाई दिसले म्हणून वाटलं, कोण जाणे. मी पर्समधून यादीचं प्रिंट काढलं. तो गप्प झाला आणि ट्रे पुढे सरकवला. वरच पहिला होता त्यावर ३४७० वाचलं आणि हात पुढे केला, तेवढ्यात आकड्याच्या शेपटाला एक अक्षर दिसलं. टी. आय-फाइव्ह ३४७०टी हा पस्तीस वॅटचा वेगळाच प्राणी आहे, त्याला कोअर दोनच. एका अक्षराने निम्मा प्रोसेसर जातो. छपाईतले ठिपके मोजायचं भिंग मी कायम जवळ बाळगते. ते काढून झाकणावरच्या ओळी एकेक करून वाचल्या. मॉडेलच्या खाली एसआर०टी८ हा कोड हवा होता, तो तिसऱ्या वडीवर सापडला. दुकानदार हसला, "मॅडम, सोना खरीद रहे हो क्या?" सोनं असतं तर त्याने पावती तरी दिली असती. चौदाशे रुपये ठरले. दुकानातल्या बोर्डावर लावून स्क्रीन दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही म्हटल्यावर त्याने नाइलाजाने लावून दाखवला. बायोसच्या पानावर नाव आलं, चार कोअर आले. मधोमध तांब्याचा गाभा असलेला जुना कूलर दोनशेला घेतला, कारण माझा मूळचा कूलर नुसत्या ॲल्युमिनियमचा, भाकरीसारखा चपटा. या सॉकेटांच्या कूलरची भोकं ७५ मिलिमीटरच्या अंतरावर असतात, ११५६ पासून तेच माप. त्याआधीच्या ७७५ सॉकेटचं माप ७२. ट्रेमध्ये दोन्ही होते आणि तीन मिलिमीटर नजरेला कळत नाहीत, म्हणून मी पट्टी लावून मोजून घेतला. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायच्या थर्मल पेस्टची छोटी नळी साठ रुपये.

आता बायोस. इथे एक गोम आहे आणि ती लोकांच्या उशिरा लक्षात येते. नवा प्रोसेसर बसवून मग बायोस अपडेट करू, हे जमत नाही. जुन्या बायोसला नवा ओळखता येत नाही, म्हणजे मशीन उठतच नाही, मग अपडेट करणार कशावर? जायच्या आधी जुन्यानेच नव्यासाठी दार उघडून ठेवायचं. कोणी जुना काढून विकून टाकला आणि मग हे कळलं, तर शेजारीपाजारी दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर उसना मागत फिरायची पाळी.

माझा यूपीएस नुसता शोभेचा होता. बॅटरी केव्हाच बसलेली, दिवे गेले की "टूं" करून तोही जायचा. आणि पावसाळ्यात आमच्याकडे दिवे कधी जातील याचा नेम नाही. बायोस लिहिताना मधेच वीज गेली तर बोर्डाचा दगड होतो. शेजारच्या काकांकडे क्लिनिकसाठी घेतलेला नवा यूपीएस होता. काकू म्हणाल्या, "ने की, पण रात्री नऊच्या आत आण, मालिका असते." मालिकेला यूपीएस कशाला, असं मी विचारलं नाही.

कंपनीच्या साइटवर, माझ्याच रिव्हिजनच्या पानावर, आवृत्त्यांची रांग होती. एकीच्या शेजारी बारीक नोंद होती. तिसऱ्या पिढीसाठी आधी ही मधली आवृत्ती टाका, मग शेवटची, आणि एकदा पुढे गेल्यावर मागे येता येणार नाही. बोर्डात मॅनेजमेंट इंजिन म्हणून एक आतलं फर्मवेअर असतं, ते सातव्या आवृत्तीवरून आठवीवर न्यावं लागतं, म्हणून ही दोन टप्प्यांची भानगड. मी ती नोंद तीनदा वाचली. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला, फायली नुसत्या वरच टाकल्या, फोल्डरात नाही. विंडोजमधून अपडेट करायचाही प्रोग्राम होता, पण विंडोज मधेच अडकलं तर काय घ्या, म्हणून बायोसच्या आतल्या सोयीनेच केलं.

स्क्रीनवर पट्टी सरकायला लागली. पुसतेय, लिहितेय, तपासतेय. दीड-दोन मिनिटांचा खेळ, पण तेवढ्या वेळात मुलीने पंखा लावायला स्विचबोर्डाकडे हात नेला तर मी अशी ओरडले, की ती अजून नक्कल करून दाखवते. पहिली आवृत्ती गेली. मशीन स्वतःच बंद झालं, पुन्हा लागलं, पुन्हा बंद झालं. याची कल्पना नव्हती, पोटात गोळा आला. मग आपणहून उठलं. दुसरीही गेली. काकूंचा यूपीएस पावणेनऊला पोचता केला.

परत येऊन विंडोज लावते तो निळा पडदा. रडका चेहरा, आणि खाली "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". अजून तर प्रोसेसरला हातही लावला नव्हता! दहा मिनिटं डोकं धरून बसले. मग ट्यूब पेटली. अपडेटनंतर बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात. माझी एसएसडी एएचसीआय या डिस्कशी बोलायच्या नव्या मोडवर बसवलेली होती आणि बोर्डाचं मूळपद होतं जुनं आयडीई. त्यामुळे विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेना. बायोसमधल्या साटाच्या, म्हणजे डिस्कच्या, पानावर जाऊन एएचसीआय केलं, विंडोज मुकाट उठलं. तारीख मात्र २०१२ सालची झाली होती. पंचवीस पिनांचं पोर्टही जुन्या मोडवर परत नेऊन ठेवलं, नाहीतर लॉकने रुसवा धरला असता. हे सगळं आधी कागदावर उतरवून ठेवायला हवं होतं. फोनमध्ये बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगी कॉलेजला गेल्यावर, कॅबिनेट जमिनीवर आडवं घेतलं. आधी मशीन पंधरा मिनिटं चालू ठेवलं होतं, म्हणजे वाळलेली पेस्ट थोडी सैल होते. कूलरच्या चार खिट्ट्या बाणाच्या दिशेने फिरवल्या आणि उचलल्या. खाली तेरा वर्षांची धूळ, पंख्याच्या पात्यांखाली अक्षरशः गोधडी झालेली. पेस्ट वाळून भिंतीच्या चुन्यासारखी. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली. जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात चिकट काय काय असतं. मग तरफ दाबून बाजूला घेतली, पत्र्याची चौकट वर केली, आणि जी६३० दोन बोटांत उचलून त्याच्या जागी नवा ठेवला. ठेवला म्हणजे नुसता ठेवला. खाचा जुळल्या की तो आपला आपण बसतो, दाबायचं नसतं. तरफ खाली घेताना करकर आवाज होतो. हा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी मोडलं असंच वाटतं. मोडत नाही, तेवढा जोर लागतोच. वाटाण्याएवढी पेस्ट, वर तांब्याचा कूलर, समोरासमोरच्या खिट्ट्या जोडीने दाबल्या.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा.

पाच मिनिटं तसाच काळा. मग आत वाकून बघितलं तर प्रोसेसरच्या शेजारची चार पिनांची पिवळ्या-काळ्या तारांची जोडणी लोंबकळत होती. कूलर काढताना मीच ती सोडवली होती. प्रोसेसरची वीज तिथूनच येते. बाकीच्या बोर्डाला मोठ्या चोवीस पिनांतून मिळते, म्हणून पंखा फिरतो आणि माणूस फसतो. ती लावली आणि पडद्यावर नाव आलं. आय-फाइव्ह ३४७०. मी भाच्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच उलट फोन.

"मावशी, खाली मेमरी किती दिसतेय बघ."

चार जीबी. आठची चार झाली होती.

पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, जागा बदलून लावल्या. चारच. एकेक पट्टी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून बघितली. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही चालतात, दुसऱ्यात एकही नाही. म्हणजे पट्ट्या शाबूत, स्लॉट मेला. काल रात्रीपर्यंत तो जिवंत होता. मी चरफडत बसले. बायोसने खाल्ला? प्रोसेसर खराब दिला? दुकानात तर एकच पट्टी लावून दाखवला होता, दुसरी लावायला सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

भाचा म्हणाला, "सॉकेटच्या पिना बघ. रॅमच्या तारा थेट प्रोसेसरला जातात. एखादी पिन टेकत नसेल तर अख्खा चॅनेल, म्हणजे त्या स्लॉटचा रस्ताच, जातो."

पुन्हा सगळं उलगडलं. प्रोसेसर काढला, टेबलावरचा दिवा खाली ओढला आणि सॉकेटवर भिंग धरलं. नुसत्या डोळ्यांना ते राखाडी मखमलीसारखं दिसतं. भिंगाखाली मात्र ओळीने उभ्या केलेल्या सोनेरी सुया, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला किंचित वाकलेली, वारा आलेल्या भातासारखी. ऑफसेटच्या छपाईत रंगाचे ठिपके सरकलेत का हे मी याच भिंगाने बघते. ओळीतला एक ठिपका चुकला तर डोळा तिथे आपोआप अडकतो. तसाच अडकला. एका कडेच्या दुसऱ्या ओळीत एक टोक शेजारणीच्या अंगावर रेललं होतं, आणि त्याला गुंतलेला कापसाचा एक धागा. इअरबडचा कापूस! कड पुसताना मीच तो तिथे नेऊन ठेवला होता, आणि बहुधा ओढताना पिनही मीच वाकवली.

धागा चिमट्याने काढला. पिनेला चिमटा लावायची हिंमत होईना, चिमट्याचं टोक दोन पिनांएवढं रुंद. मग शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेतली, श्वास रोखला आणि टोकाच्या खाली घालून केसभर उचललं. जास्त झालं. पलीकडे गेली. पुन्हा केसभर मागे. तीन वेळा असं केल्यावर ती ओळीत आली. अगदी बाकीच्यांसारखी नाही, पण आली. या पिना मोडल्या तर बोर्ड गेला, बोर्ड गेला तर पोर्ट गेलं, पोर्ट गेलं तर लॉक गेलं, लॉक गेलं तर दोन दिवाळी अंक आणि वीस वर्षांच्या फायली. सुई धरलेल्या हाताला हे कळू न देणं हीच काय ती कारागिरी.

नळीत पेस्ट जेमतेम उरली होती. नळी पाटावर ठेवून लाटण्याने पिळली. पुरली. आठ जीबी.

त्यानंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. विंडोजने ॲक्टिव्हेशनचा प्रश्न काढला नाही, कारण बोर्ड तोच होता. तापमान रिकामं बसलेलं असताना चाळिशीत, आणि फ्लेक्स काढताना सत्तरच्या आत. हे पावसाळ्यातले आकडे आहेत, मेमध्ये बघू. दहा बाय आठचा जो फ्लेक्स बाहेर पडायला चार मिनिटं दहा सेकंद लागायचे, तो आता एक मिनिट पन्नास सेकंदांत येतो. आणि मुख्य म्हणजे तो येत असताना व्हॉट्सॲप उघडतं, गिऱ्हाइकाच्या घरची खुशाली विचारावी लागत नाही. पेजमेकरमध्ये मात्र जवळजवळ काही फरक नाही. ते बापडं २००१ चं, एकाच कोअरवर चालणारं. चार दिलेत म्हणून चार हातांनी जेवणार थोडंच? पानं थोडी चपळ उलटतात, तेवढंच. कोणी फक्त पेजमेकरसाठी हा खर्च करणार असेल तर करू नये.

विंडोज ११ माझ्या मशीनवर अधिकृतपणे चालणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर आहेत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तिसऱ्या पिढीला तिथे उंबऱ्याच्या आतही घेत नाहीत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यावर वर्षभराची वाढीव मुदत मी घेऊन ठेवली आहे. ती संपली की नेटचं काम दुसरीकडे आणि हे मशीन फक्त जुन्या फायलींसाठी, नेटची वायर काढून, असा विचार आहे. भाचा म्हणतो, तोवर तो लॉकवाला मजकूर युनिकोडमध्ये काढून घे. काढतेय. रोज थोडा थोडा, कारण रूपांतर केल्यावर रफार आणि जोडाक्षरं कुठे उडी मारतील ते सांगता येत नाही, प्रत्येक पान वाचावंच लागतं.

चौदाशे, दोनशे, साठ, लोकलचं तिकीट, आणि काकूंना नेलेली आंबाबर्फी. पहिला दिवाळी अंक घटस्थापनेच्या आधी छापखान्यात गेला.

जी६३० लॅमिंग्टन रोडवर विकायला गेले असते तर पन्नास रुपये आले असते. तो नव्या प्रोसेसरच्या प्लास्टिकच्या कवचात घालून सुपारीच्या जुन्या डब्यात ठेवलाय, जुना चपटा कूलरही बरोबर. डब्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, "पिना बघायला भिंग घ्या. इअरबड नको."